मागे राहणाऱ्यांसाठी एक वही

घरातील कर्ता माणूस जातो. तेरावे-चौदावे आटोपते, पाहुणे परततात आणि मग कोणीतरी कपाट उघडते. कपाटात साडीच्या दुकानाची एक जुनी पिशवी असते. तिच्यात मुदत ठेवींच्या पावत्या, वीस वर्षांपूर्वीची विजेची बिले, विम्याच्या हप्त्यांच्या पावत्या, एखाद्या पतसंस्थेचे पासबुक, लग्नपत्रिकेच्या मागे लिहिलेला कुणाचा तरी दूरध्वनी क्रमांक आणि कोणत्या कुलपाची हे कुणालाच ठाऊक नसलेली एक किल्ली निघते. पावत्यांपैकी कोणती मोडली, कोणती चालू आहे, हे सांगणारा माणूस नुकताच गेलेला असतो. ‘सगळे व्यवहार तेच पाहत असत’ हे वाक्य बँकेच्या टेबलासमोर बसलेल्या पत्नीच्या तोंडून अशा वेळी हमखास ऐकू येते.

आपल्याकडे स्वतःच्या पश्चात काय होईल याची चर्चा करणे अशुभ मानले जाते. त्यामुळे आयुष्यभर पै पै जोडणारा माणूस त्या पैशांचा ठावठिकाणा मात्र सोबत घेऊन जातो. पैसा नाहीसा होत नाही, तो कुठे आहे हेच कळेनासे होते. दहा वर्षे ज्या खात्यावर कोणताही व्यवहार झाला नाही किंवा ज्या ठेवीवर कोणी हक्क सांगितला नाही, तिची रक्कम बँकांना रिझर्व्ह बँकेच्या ‘ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधी’कडे वर्ग करावी लागते. हा निधी २०१४ मध्ये स्थापन झाला. कंपनीच्या समभागांवरील लाभांश सलग सात वर्षे कोणी घेतला नाही, तर लाभांशासह समभागही गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. विम्याच्या दहा वर्षे बेवारस राहिलेल्या रकमा ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जमा होतात. यापैकी कोणतीही रक्कम लगेच बुडत नाही, वारसांना ती मागता येते. पण मागण्यासाठी ती आहे हे आधी ठाऊक असावे लागते.

वारसाहक्काचे नियोजन म्हटले की डोळ्यांसमोर वकील, मृत्युपत्र आणि मोठी इस्टेट उभी राहते. प्रत्यक्षात दोन खोल्यांचे घर, गावाकडची एकर-दीड एकर जमीन, भविष्य निर्वाह निधी आणि चार ठेवपावत्या एवढेच ज्या कुटुंबाकडे आहे, त्यालाच कागदांच्या विस्कळीतपणाचा फटका अधिक बसतो. कारण अडकलेले दोन लाख रुपये त्या घराचे वर्षभराचे धान्य आणि मुलांची फी असते. आणि नियोजनाची पहिली पायरी मृत्युपत्र नसून एक साधी वही आहे.

वहीत काय लिहावे

शंभर पानी वही पुरेशी आहे. संगणकावर तक्ता करणाऱ्यांनी जरूर करावा. पण ज्या घरात पत्नी किंवा आई संगणक वापरत नाही, तिथे तो तक्ता नसल्यातच जमा. वही मराठीत, स्वच्छ अक्षरात आणि संक्षेप टाळून लिहिलेली असावी. ‘एफडी - कॉर्नरची बँक’ अशी नोंद लिहिणाऱ्याला कळते, वाचणाऱ्याला नाही.

प्रत्येक बँक खात्यापुढे बँकेचे व शाखेचे नाव, खाते एकट्याचे की संयुक्त, संयुक्त असल्यास ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ अशी अट आहे का आणि नामनिर्देशन कोणाचे, हे लिहावे. ठेवींसाठी रक्कम व मुदत संपण्याची तारीख. विमा पॉलिसीसाठी क्रमांक, शाखा, हप्ता कधी येतो आणि पॉलिसी कर्जासाठी तारण दिली आहे का. बंद पडलेली पॉलिसी रद्दीत टाकण्यापूर्वी शाखेत विचारावे. ठरावीक वर्षे हप्ते भरलेले असतील तर तिला ‘पेड-अप’ मूल्य असते. टपाल कार्यालयातील खाती व बचत प्रमाणपत्रे, म्युच्युअल फंडांचे फोलिओ, डिमॅट खाते, जुनी कागदी शेअर प्रमाणपत्रे हेही त्यातच यावे. कागदी प्रमाणपत्रे कपाटात जपून ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की एप्रिल २०१९ पासून कागदी स्वरूपातील समभागांचे विक्रीसाठी हस्तांतर होत नाही. ते स्वतःच्या हयातीत डिमॅट करून घेणे वारसांवर मोठा उपकार ठरतो.

या सर्व रकान्यांमध्ये शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आणि नेमका तोच बहुतेकांच्या नोंदीत नसतो : मूळ कागद कुठे आहे. ‘लोखंडी कपाट, मधला खण, निळी फाइल’ इतके नेमके लिहावे. वही पूर्ण झाली की एक चाचणी घ्यावी. घरातील ज्या व्यक्तीने आजवर एकही व्यवहार पाहिलेला नाही, तिच्या हाती वही द्यावी आणि एखादा कागद काढून आणायला सांगावे. तिला काही विचारावे लागले, तर ती नोंद पुन्हा लिहावी.

एटीएमचा पिन आणि पासवर्ड या वहीत लिहू नयेत. वही चोरीला गेली तर काय, हा एक धोका झाला. दुसरे कारण असे, की खातेदाराच्या निधनानंतर त्याचे कार्ड वापरून पैसे काढणे गैर आहे. ते कायदेशीर वारसांपैकी एकाने केले तरी इतर वारस त्याबद्दल पुढे जाब विचारू शकतात. मोबाइलचा क्रमांक मात्र घाईने बंद करू नये. बँक, भविष्य निर्वाह निधी, प्राप्तिकर यांचे संदेश त्याच क्रमांकावर येत असतात आणि कोणत्या संस्थेत काय आहे याचा माग त्यांतूनच लागतो. मृत व्यक्तीचे प्राप्तिकर विवरणपत्र वारसाला प्रतिनिधी म्हणून भरावे लागते, त्यासाठीही जुने तपशील हाताशी असावे लागतात.

एकाच व्यक्तीची चार नावे

मराठी कुटुंबांत कागदपत्रांची सर्वांत मोठी अडचण नावांची आहे आणि तिचा सर्वाधिक त्रास स्त्रियांना होतो. लग्नानंतर वडिलांचे नाव व आडनाव तर बदलतेच, अनेक घरांत पहिले नावही बदलत असे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर सुमन, सासरच्या शिधापत्रिकेवर अनुराधा, सातबाऱ्यावर ‘सुमनबाई’ आणि आधार कार्डावर इंग्रजीत तिसऱ्याच स्पेलिंगने लिहिलेले नाव, अशी स्थिती असते. पतीने नोकरीला लागल्यावर भरलेल्या अर्जात तिचे एक नाव आणि बँकेत दुसरे. पुरुषांची नावेही यातून सुटलेली नाहीत. रामचंद्र, रामभाऊ आणि आर. के. या तीन व्यक्ती नाहीत हे सिद्ध करण्यात वारसांचे महिने जातात.

या विसंगती जिवंतपणी दुरुस्त करणे तुलनेने सोपे असते, कारण सही करायला ती व्यक्ती स्वतः हजर असते. आधार, पॅन आणि बँक यांतील नावे आधी एकसारखी करून घ्यावीत. जिथे बदल शक्य नाही, तिथे दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र करून ठेवावे. नावात मोठा बदल असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रात नावबदलाची जाहिरात प्रसिद्ध करून त्याची प्रत जपावी.

विवाह नोंदणीचेही असेच. जुन्या पिढीतील असंख्य जोडप्यांच्या विवाहाची नोंद झालेली नाही. लग्नपत्रिका आणि एक छायाचित्र एवढाच पुरावा. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार अशी नोंद उशिरानेही करता येते. मात्र अर्जावर पती आणि पत्नी या दोघांच्या सह्या लागतात. दोघेही हयात असतानाच ते काम होऊ शकते, ही गोष्ट अनेकांच्या फार उशिरा लक्षात येते. निवृत्तिवेतनधारकांच्या घरांत तर हे काम पुढे ढकलूच नये, कारण कुटुंब निवृत्तिवेतनासाठी पत्नीचे नाते सिद्ध करावे लागते.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

‘नॉमिनी लावले आहे, आता काळजी नाही’ हा समज सार्वत्रिक आहे आणि अर्धाच खरा आहे. नामनिर्देशित व्यक्तीला रक्कम देऊन संस्था आपल्या जबाबदारीतून मोकळी होते. ती व्यक्ती मात्र सर्वसाधारणपणे विश्वस्त असते. रकमेवरील खरा हक्क मृत्युपत्रात ज्याचे नाव आहे त्याचा आणि मृत्युपत्र नसेल तर कायदेशीर वारसांचा. सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या संदर्भात हे तत्त्व १९८४ मध्ये स्पष्ट केले होते. समभागांबाबत मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निर्णयामुळे काही वर्षे संभ्रम होता. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोही दूर केला आणि समभागांचा नॉमिनीही निर्विवाद मालक होत नाही, असा निर्वाळा दिला. विम्यापुरता एक अपवाद आहे : २०१५ च्या दुरुस्तीनुसार पॉलिसीधारकाने आईवडील, पती वा पत्नी किंवा अपत्ये यांना नॉमिनी केले असेल, तर ते लाभधारक ठरतात.

मग वारस कोण? हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार, मृत्युपत्र न करता पुरुष मरण पावला तर त्याची विधवा, मुलगे, मुली आणि त्याची आई हे एकाच वेळी, समान वाट्याचे वारस असतात. आईचा वाटा अनेकांना माहीत नसतो आणि वडील मात्र पहिल्या वर्गात येत नाहीत, याचेही आश्चर्य वाटते. तरुण मुलाच्या मृत्यूनंतर सून आणि सासू यांच्यातील कित्येक वादांचे मूळ या अज्ञानात असते. स्त्रीच्या बाबतीत क्रम वेगळा आहे. अपत्ये व पती नसतील, तर तिने स्वतः कमावलेली मालमत्ता तिच्या आईवडिलांच्या आधी पतीच्या वारसांकडे जाते. सासरशी वर्षानुवर्षे संबंध न राहिलेल्या विधवेची मिळकतही या नियमातून सुटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्त्रियांना मृत्युपत्र करून ठेवण्याचे आवाहन केले, ते याच पार्श्वभूमीवर.

म्हणून नामनिर्देशन निरर्थक ठरत नाही. पैसे लवकर हाती येण्याचा तोच मार्ग आहे. फक्त ते ताजे हवे. नोकरीला लागताना आईचे नाव दिले, पुढे लग्न झाले, आई वारली, तरी अर्ज तसाच, हे चित्र कार्यालयोकार्यालयी दिसते. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीत तर लग्नापूर्वी केलेले नामनिर्देशन लग्नानंतर आपोआप रद्द होते. नवे करावेच लागते. बँक ठेवींसाठी १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नावे देता येतात. ती एकाच वेळी, टक्केवारी ठरवून देता येतात किंवा एकामागून एक अशा क्रमाने. लॉकरसाठी मात्र क्रमानेच देता येतात. बँकेत अर्ज दिल्यावर पोच घ्यावी आणि पासबुकावर नामनिर्देशनाची नोंद झाली का ते पाहावे. अर्ज दिला म्हणजे नोंद झाली असे गृहीत धरू नये.

ज्यांनी नामनिर्देशन केलेच नाही, त्यांच्या वारसांसाठी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये दाव्यांचे नियम एकसारखे केले आणि ते लागू करण्यास बँकांना ३१ मार्च २०२६ पर्यंत मुदत दिली. त्यानुसार व्यापारी बँकांत १५ लाख आणि सहकारी बँकांत ५ लाख रुपयांपर्यंतचे दावे न्यायालयाच्या वारसा प्रमाणपत्राशिवाय, हमीपत्र व इतर वारसांचे ना-हरकत पत्र घेऊन निकाली काढायचे आहेत आणि कागद पूर्ण झाल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे आहेत. ‘इतर वारसांचे ना-हरकत पत्र’ हे शब्द वाचायला सोपे आहेत. एक भाऊ परदेशात आणि दुसरा बोलत नसलेला असेल, तर त्यांचे वजन कळते.

घर आणि जमीन

सहकारी गृहनिर्माण संस्थेतील सदनिकेसाठी खरेदीखत, नोंदणीची पावती, सूची क्रमांक दोन, संस्थेचे भागप्रमाणपत्र, मालमत्ता कराची पावती आणि आधीच्या मालकांच्या करारांची साखळी एकत्र ठेवावी. कर्ज फिटल्यावर बँकेकडून मूळ कागद परत घेतले का, हे तपासावे. आश्चर्य वाटेल, पण हे राहून जाते. संस्थेत नामनिर्देशनाचा अर्ज तीन प्रतींत द्यायचा असतो, त्यातली शिक्का मारलेली प्रत आपल्याकडे परत आली पाहिजे. सभासदाच्या निधनानंतर नॉमिनीला संस्था तात्पुरता सदस्य करून घेते. २०१९ च्या दुरुस्तीने हे स्पष्ट केले आहे. कायम सभासदत्वासाठी मृत्युपत्र, वारसा प्रमाणपत्र किंवा वारसांतील कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त लागतो.

गावच्या जमिनीचा प्रश्न अधिक जुना असतो. शहरात स्थिरावलेल्या तिसऱ्या पिढीच्या सातबाऱ्यावर अजून आजोबांचे नाव असते आणि आजोबांच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरे असतात. त्यांचा अर्थ एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. थोरल्या भावाचे नाव केवळ कारभारी म्हणून लागलेले असते, हक्क सर्व भावंडांचा. ती तीन अक्षरे पुढच्या फेरफारात गळून पडली, की एका भावाची मुले मालक आणि दुसऱ्याची उपरी, असा वाद सुरू होतो. म्हणून आजचा सातबारा काढून भागत नाही. जुने उतारे आणि त्यावर उल्लेख असलेले प्रत्येक फेरफार काढून क्रमाने लावावेत. त्यांवरील क्रमांक वहीत नोंदवावेत. गट क्रमांक, आठ-अ उताऱ्यावरील खाते क्रमांक, शहरी भागात मिळकत पत्रिकेचा सिटी सर्व्हे क्रमांक आणि विहिरीतील हिस्सा यांचीही नोंद हवी. बांधावरचे आंब्याचे झाड कुणाचे, हेही लिहून ठेवलेले बरे.

वारसाने हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, कळवावे अशी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत तरतूद आहे. गाव नमुना सहा-क मध्ये वारसांची नोंद होऊन मग फेरफार पडतो. हे वर्षानुवर्षे न झाल्याने मृतांच्या नावावर राहिलेल्या उताऱ्यांची संख्या इतकी वाढली, की महसूल विभागाला २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम हाती घ्यावी लागली. बहिणींच्या हक्कसोडपत्राबाबत येथेच सांगायला हवे : कोऱ्या कागदावर, राखीपौर्णिमेला घेतलेली सही म्हणजे हक्कसोडपत्र नव्हे. ते नोंदणीकृत असावे लागते आणि देणाऱ्या बहिणीला आपण काय सोडत आहोत हे समजलेले असावे लागते.

कुठेच नोंद नसलेले पैसे

बँकांतील बेवारस ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेचे ‘उद्गम’ संकेतस्थळ ऑगस्ट २०२३ पासून उपलब्ध आहे. पतसंस्था ही बँक नसल्याने तिच्यातील ठेव तिथे दिसत नाही आणि बँक ठेवींना असलेले पाच लाखांपर्यंतचे विमासंरक्षणही तिला नसते. महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावांत कुटुंबाच्या बचतीचा मोठा हिस्सा पतसंस्थेत, भिशीत आणि सराफाकडच्या हप्त्यांत असतो. त्याचा शोध कोणत्याही संकेतस्थळावर लागत नाही. घरातील वही हाच एकमेव माग. उसनवार दिलेले आणि घेतलेले पैसे, शेतमालाच्या अडत्याकडे राहिलेली बाकी, दुकानाची पागडी, भाडेकरूची अनामत यांचेही तेच.

आणि जामीनकी. मित्राच्या, मेहुण्याच्या कर्जाला जामीन राहिल्याचे पुष्कळ जण घरी सांगत नाहीत. मूळ कर्जदाराने हप्ते थकवले की नोटीस जामीनदाराच्या घरी येते, तो हयात असो वा नसो. वारसांची जबाबदारी त्यांना मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते, स्वतःच्या कमाईतून फेडण्याची सक्ती त्यांच्यावर नसते. पण हे ठाऊक नसल्याने घाबरून दागिने मोडले जातात. वहीतील हे पान लिहायला सर्वांत जड जाते. तरीही ते आधी लिहावे.

ज्या घरात वहीच नाही, तिथे गेल्या दोन वर्षांची पासबुके ओळ न ओळ वाचावीत. मे महिन्याच्या अखेरीस ४३६ रुपये वजा झालेले दिसले, तर ते प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेचे असण्याची दाट शक्यता असते आणि वारसाला दोन लाख रुपये मिळू शकतात. २० रुपये वजा झाले असतील तर ते अपघाती विम्याच्या सुरक्षा योजनेचे. दरवर्षी ठरावीक महिन्यात जाणारी रक्कम म्हणजे विम्याचा हप्ता किंवा लॉकरचे भाडे. किरकोळ जमा होणारी रक्कम म्हणजे विसरलेल्या समभागांचा लाभांश. नोकरीत असताना मृत्यू झाला असेल, तर भविष्य निर्वाह निधीची शिल्लक आणि निवृत्तिवेतन यांखेरीज ठेव-संलग्न विमा योजनेतून कमाल सात लाख रुपयांपर्यंत रक्कम मिळते. तिचा वेगळा हप्ता कर्मचाऱ्याच्या पगारातून कापला जात नसल्याने पगारपत्रकावर तिचा मागमूस नसतो आणि कुटुंब ती मागतच नाही.

मृत्युपत्र

वही पूर्ण झाली की मृत्युपत्राचे निम्मे काम झालेले असते, कारण कशाची वाटणी करायची हे कागदावर आलेले असते. मृत्युपत्र साध्या कागदावर, मराठीत आणि स्वहस्ताक्षरातही करता येते. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. करणाऱ्याची सही आणि ती पाहिलेल्या किमान दोन साक्षीदारांच्या, त्याच्या समक्ष केलेल्या सह्या मात्र अनिवार्य आहेत. साक्षीदार निवडताना समवयस्क मित्राला बोलावण्याची पद्धत आहे, ती टाळावी. मृत्युपत्र न्यायालयात सिद्ध करायची वेळ आली तर साक्षीदारांपैकी किमान एकाची साक्ष लागते. तो हयात आणि सापडण्याजोगा हवा. वयाने लहान, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार नाही अशा व्यक्तीची निवड करावी आणि तिचा पत्ता वहीत लिहावा. करणारी व्यक्ती वृद्ध किंवा आजारी असल्यास त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडावा.

दुय्यम निबंधकांकडे नोंदणी केली, तर कागद गहाळ होण्याची वा बदलला जाण्याची भीती उरत नाही. मजकूर गुप्त ठेवायचा असेल, तर बंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकांकडे ठेवण्याची सोय नोंदणी कायद्यात आहे, पण ती फारशी कुणी वापरत नाही. मुंबईतील मिळकतीसाठी हिंदूंच्या मृत्युपत्रालाही प्रोबेट घेणे पूर्वी बंधनकारक होते. ज्या कलमामुळे ही सक्ती होती, ते भारतीय उत्तराधिकार कायद्यातील कलम २१३ डिसेंबर २०२५ मध्ये वगळण्यात आले. वाद असेल किंवा संस्थेला खात्री हवी असेल, तेव्हा प्रोबेटचा मार्ग खुला आहेच. आपल्या देशात वारसाहक्कावर कर नाही. इस्टेट ड्यूटी १९८५ मध्ये रद्द झाली. तेव्हा करापोटी घाईने घर मुलांच्या नावे करून टाकण्याचा सल्ला कुणी दिला, तर त्याचा हेतू तपासावा. बक्षीसपत्र लगेच अमलात येते आणि सहसा मागे घेता येत नाही, मृत्युपत्र मात्र शेवटच्या दिवसापर्यंत बदलता येते. कुलमुखत्यारपत्र हा मृत्युपत्राला पर्याय नाही, कारण ते देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते.

गोव्यातील वाचकांसाठी नियम निराळे आहेत. तेथे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यानुसार पती-पत्नीची मालमत्ता सर्वसाधारणपणे सामाईक मानली जाते आणि अपत्यांसारखे सक्तीचे वारस असताना आपल्या हिश्शापैकी निम्म्याहून अधिक मालमत्ता मृत्युपत्राने इतरांना देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या निर्णयानुसार गोवेकराच्या राज्याबाहेरील मिळकतीलाही हेच नियम लागू होतात. मुंबईत घर असलेल्या गोमंतकीय कुटुंबांनी म्हणून मुंबईच्या पद्धतीने मृत्युपत्र करण्याआधी गोव्यातील जाणकाराला विचारावे.

कागद कुठे, कुणाला ठाऊक

मूळ मृत्युपत्र स्वतःच्या एकट्याच्या लॉकरमध्ये ठेवू नये. लॉकर उघडण्यासाठी जो कागद लागू शकतो, तोच लॉकरमध्ये बंद, असा पेच त्यातून उभा राहतो. मूळ दस्तांना लॅमिनेशन करू नये, भोके पाडू नयेत. वाळवी आणि कोकणातील ओल यांपासून जपण्यासाठी जाड प्लास्टिकचे पाकीट पुरते. एक छायांकित संच दुसऱ्या गावी, विश्वासातल्या नातेवाइकाकडे ठेवावा. पूर पाहिलेल्या सांगली-कोल्हापूरकरांना त्याचे कारण समजावून सांगायला नको. आधार, पॅन, वाहन परवाना डिजिलॉकरमध्ये असतील तर उत्तम, पण खरेदीखताची मूळ प्रत मोबाइलमध्ये मावत नाही.

वही कुठे आहे हे किमान दोघांना ठाऊक असावे आणि त्यातली एक व्यक्ती घरात राहणारी असावी. मुलगा परदेशी असेल तर दाव्याच्या कागदांवरील त्याची सही तेथील भारतीय वकिलातीत साक्षांकित करून आणावी लागू शकते. त्याला वहीची छायाप्रत आताच पाठवावी. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते, आणि दाखल्यावरील नाव आधार व पॅनशी जुळते आहे का हे दाखला हाती घेतानाच पाहावे, कारण पुढचा प्रत्येक टेबलवाला तेच पाहणार असतो. दाखल्याच्या दहा-बारा प्रमाणित प्रती एकदम घ्याव्यात.

नोंदी वर्षातून एकदा तपासाव्यात. मार्चअखेरीस गुंतवणुकीचे कागद तसेही बाहेर निघतात. व्यापारी घरांत लक्ष्मीपूजनाला वह्या बदलतात. मोडलेल्या ठेवीवर आडवी रेघ मारून तारीख लिहावी, पान फाडू नये. पानाच्या खाली सही करावी आणि शेजारी जोडीदाराचीही घ्यावी. सही करण्यासाठी तरी तिला किंवा त्याला ते पान वाचावे लागेल.